वाचता येईल एवढा उजेड

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी हेमाताईंनी हंगेरीतल्या जंगलात एका हरिणीवर बाण सोडला. हरिणी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. तोपर्यंत ती जिवंत होती.

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात हे नाही. तिथे हेमाताईंवर अर्धं पान आलं आहे. ‘निष्णात रेडिओलॉजिस्ट, प्रेमळ गृहिणी, गणपतीतल्या त्यांच्या उकडीच्या मोदकांची चव सर्वांच्या जिभेवर राहील’, वगैरे. मोदक त्यांचे यजमान, श्रीधरराव, करत. हेमाताईंनी आयुष्यात मोदकाची एक कळी काढली नाही, आणि ही गोष्ट त्या दर गणपतीत सगळ्यांना मोठ्याने सांगत. तरी मोदक त्यांच्याच नावावर छापले गेले आणि धनुष्य वगळलं गेलं. मी पाठवलेल्या मजकुरात धनुष्य होतं. साठेकाकांनी, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, ते काढलं आणि मग मला फोन केला.

“सुनंदा, गेलेल्या माणसाबद्दल असलं कशाला? लोकांनी त्यांचं चांगलं तेवढं लक्षात ठेवावं.”

“काका, ते चांगलंच आहे,” मी म्हणाले.

“अगं, जखमी हरीण रात्रभर तडफडलं, यात काय चांगलं?”

मला कोणतीच गोष्ट लगेच सुचत नाही. म्हणून आता, सावकाश, सगळं लिहिते आहे. कुणी छापो न छापो.

मेडनहेडला आमच्या दोघींच्या बागांमध्ये कुंपणाची झुडुपं होती. ती कापायची पाळी कुणाची यावरून आमची ओळख झाली. मी कौन्सिलच्या लायब्ररीत होते. हेमाताई शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात. सत्तरच्या दशकात नवराबायको अमरावतीहून आले, ते इथलेच झाले. त्या बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस पुरुषासारखे कापलेले. खिशात कायम एक छोटी टॉर्च. रेस्टॉरंटात मेणबत्त्या लावून मंद उजेड केला की त्या टॉर्च काढून तिचा उजेड ताटात पाडत. वेटर धावत यायचा, “इज एव्हरीथिंग ऑल राइट, मॅडम?” त्या म्हणायच्या, “ते तर बघतेय.” श्रीधरराव मान खाली घालून पापड मोडत बसायचे. एकदा त्यांनी दबक्या आवाजात विनवलं, “हेमा, निदान आज तरी. आपली ॲनिव्हर्सरी आहे.” त्या म्हणाल्या, “अहो, म्हणूनच. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर जेवले त्यांचं तोंड तरी दिसू दे.” आणि टॉर्च त्यांच्या तोंडावर धरली.

त्यांचं कामच अंधाऱ्या खोलीतलं. तेव्हा फिल्म जाऊन कॉम्प्युटरचे पडदे येत होते, पण खोली अंधारीच राहिली. दिवसभर त्या माणसांच्या आतल्या सावल्या वाचत. एका शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी मागायला गेले, तर त्या फोनवर होत्या. पलीकडे कुणी सर्जन असावा. “नो, डेव्हिड. आय डिड नॉट से इट्स क्लिअर. आय सेड आय कान्ट सी इट. फोटो परत काढा.” पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू आलं. मग त्या त्याच आवाजात म्हणाल्या, “यू आर इन अ हरी. द पेशंट इज नॉट.” फोन ठेवून मला म्हणाल्या, “दिसत नाही आणि नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पण यांना आपलं एकच वाक्य हवं. सही करायला सोपं पडतं.”

मग बरणी दिली. आत लोणचं किती आहे ते आधी टॉर्चने पाहिलं.

धनुष्य त्यांच्या हातात आलं ते पन्नाशी उलटल्यावर. हॉस्पिटलच्या स्टाफची एक चॅरिटीची सहल होती, गावाबाहेरच्या बीच झाडांच्या रानात. तिथे एक तिरंदाजीचा क्लब होता. झाडांमध्ये फोमची हरणं, रानडुकरं, एक फोमचं अस्वलसुद्धा. सगळ्यांनी हसतखेळत चारचार बाण मारले आणि चहाला गेले. हेमाताई गेल्या नाहीत. क्लबचा सेक्रेटरी ग्रॅहम म्हणून होता, झाडं छाटण्याचा धंदा करणारा, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचा. तो त्यांना आणायला परत आला, तर त्या फोमच्या हरणापाशी गुडघ्यावर बसून बाण कुठे लागला ते बोटाने चाचपत होत्या. “हे मेलं असतं?” त्यांनी विचारलं. ग्रॅहम म्हणाला, “नो, डॉक. बट यू’ड हॅव रुइन्ड हिज वीक.” पुढच्या रविवारी त्या क्लबच्या मेंबर झाल्या.

इंग्लंडात हरणावर बाण चालवायला कायद्याने बंदी आहे. क्लबातली काही मंडळी त्यासाठी हंगेरीला जात, तिथे परवानगी मिळते. दोन-तीन वर्षांनी हेमाताईही निघाल्या. ही बातमी मंडळाच्या दिवाळी फराळात फुटली. शाळेचा हॉल, कागदी प्लेटा, आणि चिवड्यावरून सगळ्यांची नजर हेमाताईंकडे.

“अहो हेमाताई, मुकं जनावर ते!” एक बाई म्हणाल्या.

“कोंबडी काय भाषण करते का हो मरताना?” हेमाताई म्हणाल्या. “काल तुमच्याकडे मी दोनदा वाढून घेतली.”

“पण ती आपण मारत नाही ना.”

“तेच म्हणते मी. पन्नास वर्षं मटण खाल्लं आणि एकदाही तिथे हजर राहिले नाही. एकदा राहायचंय. झेपलं तर खाईन, नाही झेपलं तर सोडेन. पण कागदात गुंडाळून आलेलं खायचं आणि वर हळहळायचं, हे मला जमायचं नाही.”

साठेकाका म्हणाले, “विषय बदलूया.” तेव्हाही त्यांचा सूर हाच होता.

बाणाचं काम बंदुकीसारखं नाही, हे त्यांनी मला कुंपणाशी उभं राहून समजावलं होतं. बाण बरोबर लागला तरी हरीण जागीच पडत नाही. ते पळतं, आणि थोड्या अंतरावर कोसळतं. पुढच्या पायाच्या मागे तळहाताएवढी जागा असते, बाण तिथेच लागला पाहिजे. पाय पुढे आहे की मागे, मध्ये एखादी काटकी आहे का, हरीण जरासं तिरपं उभं आहे का, हे सगळं दिसलं पाहिजे. आणि हरणं नेमकी संध्याकाळी बाहेर येतात, उजेड जाताजाता. धनुष्याला नेम धरायची एक बारीक पिन असते, ती अंधारातही हिरवी चमकते. “ती पिनच घात करते,” त्या म्हणायच्या. “ती दिसते म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला दिसतंय. हरणाचा नुसता आकार दिसत असतो. आकारावर बाण मारायचा? आकारावर मी रिपोर्टसुद्धा लिहीत नाही.” शिवाय रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा असतो, आणि कमी उजेडात रक्त, चिखल आणि ओली पानं सगळं सारखंच काळं.

म्हणून त्यांनी स्वतःपुरती एक रीत केली होती. खिशात मराठी कॅलेंडरचं एक पान, घडी घालून. मागच्या बाजूला बारीक टाइपात सुरळीच्या वड्यांची कृती. मचाणावर बसल्यावर मधूनमधून ते पान हातभर लांब धरायचं. अक्षरावरची टिंबं दिसत असतील तर शिकार चालू. टिंब दिसेना झालं की बाण भात्यात, मग समोर काहीही येऊन उभं राहो. हंगेरीतला गाइड, लासलो, हसायचा. त्याच्याकडे सूर्यास्ताचं कोष्टक होतं. “कोष्टक सूर्याचं आहे,” हेमाताई त्याला म्हणाल्या. “माझे डोळे त्यात नाहीत.”

अशा दोन वाऱ्या झाल्या. पहिल्या खेपेला त्या रिकाम्या आल्या. दुसऱ्या खेपेला एक हरिणी मिळाली, टळटळीत उजेडात, ती काही पावलांत पडली. ते मांस आम्ही सगळ्यांनी खाल्लं. श्रीधररावांनी खोबरं भाजून रस्सा केला होता. हेमाताईंनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, “झेपलं.”

मग तो गुरुवार.

परत आल्यावर रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि सगळं सांगितलं, टेबलापाशी, कोट न काढता. संध्याकाळ झाली होती. हरिणी झाडांच्या कडेला आली. त्यांनी पान काढलं. ‘मिश्रण सतत ढवळत राहावे, गुठळ्या होऊ देऊ नयेत.’ टिंबांसकट दिसलं. पान खिशात ठेवलं, दोरी ओढली, बाण सोडला. हरिणी उडी मारून गेली. लासलो म्हणाला, अर्धा तास थांबू, लगेच पाठलाग केला तर ती लांब जाईल. दोघं मचाणावरच बसून राहिले. आणि नुसतं बसवेना म्हणून हेमाताईंनी पुन्हा ते पान काढलं.

“आणि मला ते वाचता आलं, सुनंदा. सगळं. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक. उजेड तर केव्हाच गेला होता. खाली बघितलं तर माझ्या बुटाच्या नाड्या दिसत नव्हत्या, आणि वर हे पान घडाघडा वाचतेय. मी वाचत नव्हतेच गं. तीन वर्षं तेच पान. मला ते पाठ होतं.”

श्रीधरराव चहा घेऊन आले, कप ठेवून तिथेच उभे राहिले.

बाण पोटात लागला होता. लासलोने त्या रात्री माग काढू दिला नाही. सकाळी कुत्रा आणला. हरिणी ओढ्यापलीकडे बसलेली सापडली, मान वर. लासलोने तिला बंदुकीने संपवलं. तो हेमाताईंना म्हणाला होता, तुम्ही मागे थांबा. त्या थांबल्या नाहीत. जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत पाहिलं.

“डोळे उघडे होते तिचे,” त्या म्हणाल्या. “मला बघत होती की नाही, सांगता येत नाही.” तेव्हाही त्यांनी दोन वाक्यांचं एक केलं नाही.

दोनच आठवड्यांनी क्लबची बैठक होती. क्लबच्या लाकडी शेडमध्ये, गॅसच्या शेगडीभोवती. श्रीधररावांना जायचं नव्हतं म्हणून मला बरोबर नेलं. ग्रॅहमने त्यांची ओळख करून दिली: डॉक हंगेरीहून आणखी एक हरिणी घेऊन आल्यात, टाळ्या. हेमाताई उठल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. पान, वड्या, ओढा, उघडे डोळे. मग ग्रॅहम म्हणाला, “हेमा, लव्ह, हे सगळ्यांचंच होतं कधी ना कधी.”

“तेच तर वाईट आहे, ग्रॅहम.”

मागून एकजण म्हणाला, वेळ तर कायद्यात बसत होती ना? तिथल्या नियमाप्रमाणे तेव्हा शिकार चालते.

“कायदा मला सूर्य कधी मावळला ते सांगतो,” त्या म्हणाल्या. “मला काय दिसलं, ते मलाच सांगावं लागेल. आणि मी खोटं सांगितलं, स्वतःला. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी आकारावर बाण सोडलाय, ते मी विचारत नाही. तुम्हीच घरी जाऊन विचारा.”

खुर्च्या सरकल्या. दोघंजण उठून सिगरेट ओढायला बाहेर गेले. ग्रॅहमचा चेहरा लाल झाला होता. हिवाळाभर तो त्यांच्याशी धड बोलला नाही. क्लबात कुजबुज होती की डॉक आता धनुष्य ठेवतील. मंडळातही बातमी पोचली होती, तिथे सगळ्यांना वाटलं, बरं झालं, अद्दल घडली. साठेकाकांनी मला विचारलं, “सुटलं ना ते खूळ?”

सुटलं नाही. मार्चमध्ये एका सकाळी हेमाताई लायब्ररीत माझ्या टेबलापाशी आल्या.

“तुझ्याकडे मराठी पुस्तक आहे का, फाडायला?”

कौन्सिलने त्या वर्षी मराठी-गुजराती कपाटं रिकामी करायला काढली होती. छत गळून एक कादंबरी भिजली होती. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, लेखकाचं नावही गेलेलं. ती रद्दीत जाणार होती. मी ती पूर्वी वाचली होती आणि मला आवडत होती. मी म्हटलं, “ताई, पुस्तक फाडायचं?”

“तू फाडायचं. मी नाही. मी आधी बघितलं तर उपयोग नाही. तू एक पान काढ, घडी घाल, पाकिटात घाल. मी ते फक्त मचाणावर उघडणार. एकदा वाचलेलं पान परत चालणार नाही.”

“म्हणजे तुम्ही पुन्हा जाणार.”

“जाणार. लोकांना हवंय की मी पश्चात्ताप म्हणून घरी बसावं. घरी बसून काय होईल? मटण तर खाणारच. चूक नेम धरण्यात नव्हती, उजेड मोजण्यात होती. तेवढं दुरुस्त करायचं. आणि नाही जमलं तर सोडेन. पण साठ्यांच्या समाधानासाठी सोडणार नाही.”

तेव्हापासून मी पानं काढत गेले, मधूनच कुठलंही, आणि पाकिटं कुंपणावरून त्यांना देत गेले. दर शरद ऋतूत त्या जायच्या. बहुतेक वेळा रिकाम्या यायच्या. दोनदा चांगल्या उजेडात शिकार मिळाली. पण ती कादंबरी त्यांनी तशीच वाचली, सुटी, उलटसुलट, जंगलात, एकेक पान. परत आल्यावर कुंपणापाशी माझी उलटतपासणी व्हायची.

“ती शिक्षिका त्या वकिलाशी लग्न करते की नाही?”

“सांगू?”

“नको! सांगू नकोस. कळलं तर पुढचं पान अंदाजाने वाचीन.” मग जराशाने, “पण तो वकील नालायक आहे, एवढं तरी कबूल कर.”

मी कबूल केलं नाही.

ग्रॅहमशी त्यांचं पुन्हा जमलं, पण कसं ते मला त्यांच्या अंत्यविधीनंतरच कळलं. क्रिमेटोरियमशेजारच्या पबमध्ये ग्रॅहम माझ्यासमोर येऊन बसला, काळ्या कोटात अवघडलेला. सांगू लागला ती हेमाताईंच्या शेवटच्या खेपेची हकिकत. तेव्हा आजार कळला नव्हता. दोघांच्या मचाणावर ते एकत्र बसले होते. समोर नर आला, मोठ्या शिंगांचा, असा त्याने जन्मात पाहिला नव्हता. पाळी हेमाताईंची. त्यांनी पाकीट फोडलं, पान पाहिलं, आणि बाण परत भात्यात घातला.

“मी कुजबुजलो, डॉक, मला तो स्पष्ट दिसतोय. मार. तर तिने ते पान माझ्या हातात दिलं. म्हणाली, दिसतंय ना, मग वाच. मी म्हटलं, मला तुझी भाषा येत नाही. म्हणाली, मग टिंबं मोज.”

ग्रॅहमने बिअरचा ग्लास बाजूला सरकवला.

“मी मोजायला गेलो, सुनंदा. कागद नुसता करडा होता. एक टिंब दिसेना. वर बघितलं, तर नर तसाच उभा, आणि मला अजून वाटत होतं की तो मला स्पष्ट दिसतोय.” मग म्हणाला, “मी आयुष्यभर असंच मारत आलो. कितीतरी सापडली नाहीत. आम्ही म्हणायचो, चुकला असेल नेम.”

त्याने पाकीट काढलं, पैशांचं. त्यात ते पान होतं. त्याने त्यांना परत दिलंच नव्हतं. “माझं बरं आहे,” तो म्हणाला. “मला ते कधीच पाठ होणार नाही.”

साठेकाका पलीकडच्या टेबलावर सँडविच खात होते. त्यांना मी नंतर हीही गोष्ट लिहून दिली. त्यांनी तीही काढली.

आता शेवटचं. आजार स्वादुपिंडाचा होता. हेमाताईंनी स्वतःचा स्कॅन आपल्याच खोलीत, आपल्याच पडद्यावर पाहिला आणि श्रीधररावांना फोन करून म्हणाल्या, “अहो, हे मात्र दिसतंय.” त्यानंतर पाच-सहा महिने. मी भेटायला गेले तेव्हा त्या हॉस्पिसच्या खाटेवर होत्या, खिडकीकडे तोंड करून. हाताला सुई होती. खांदे तेवढे तसेच रुंद राहिले होते. श्रीधरराव कोपऱ्यात संत्रं सोलत होते. बाहेर चार वाजताच अंधारून येत होतं.

मला वाटलं, आता तरी सांगावं. मी म्हटलं, “ताई, त्या कादंबरीचा शेवट सांगू?”

त्यांनी मान वळवली. मी काही अभद्र बोलल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

“का? मी कुठे चाललेय?”

श्रीधररावांचा हात थांबला.

“अजून एकदा जायचंय मला,” त्या म्हणाल्या. “शेवटचं पान पाकिटात राहू दे तसंच.” मग खिडकीकडे वळून म्हणाल्या, “आणि तो दिवा लाव गं. काय अंधारात बसलात दोघं.”

मी दिवा लावला. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

साठेकाका, हरिणी रात्रभर जिवंत होती. ते तसंच लिहायचं, कारण हेमाताईंनी ते तसंच सांगितलं होतं, शेडमध्ये उभं राहून, कुणी विचारलं नसताना. ज्यांची जनावरं कधी सापडलीच नाहीत, त्यांनी काही सांगितलं नाही, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही वगळत नाही.

धनुष्य क्लबच्या शेडमध्ये भिंतीवर आहे. श्रीधरराव गणपतीला मोदक करतात. ग्रॅहम दर शरद ऋतूत जाण्याआधी पान मागायला येतो, आणि मी त्याला देते. भिजलेल्या कादंबरीची थोडी पानं माझ्या टेबलाच्या खणात उरली आहेत. शेवटचं पान हेमाताईंसाठी केलेल्या पाकिटात आहे. पाकीट बंद आहे.